मॅनेजर पाहिजे

जाहिरातीला तीन अर्ज आले.
पहिल्याने तक्ते मांडले:
वर्षाला माणसं किती, पेट्या किती, सुटतात किती.
दुसरा इतकं हळू बोलला,
जणू ओरेस्टच वारलाय.

नेटी उशिरा आली. सस्कॅचेवानचा जानेवारी,
उणे एकतीस.
बसलीच नाही. म्हणाली,
"पायऱ्यांवर बर्फाची काच झालीय.
खांदेकरी घसरतील. मीठ कुठे ठेवता?"

अनुभवाचा रकाना कोरा.
याआधी? शाळेची बस, एकोणीस हिवाळे.

ओरेस्ट उठला, कोट न घालताच
मागून गोणी ओढत आणली.
गेल्या वर्षी तिसऱ्या पायरीवर
बायकोची पेटी कलली होती.
आत काहीतरी सरकल्याचा आवाज
त्याने एकट्यानेच ऐकला.

पगाराचं बोलणं राहूनच गेलं.