कमाल दोनशे अक्षरं

एचआरच्या फॉर्ममध्ये एक चौकोन आहे:
तुमची नेमकी भूमिका. कमाल दोनशे अक्षरं.
अंबडचा तिसरा मजला, दुपारचे चार,
खाली कुणीतरी फोर्कलिफ्ट मागे घेतंय, टीं टीं टीं.

कोड मी लिहीत नाही. म्हणजे आता लिहीत नाही.
तारखा कोठावदे सांभाळतात, पैसे पुण्याचे लोक.
सुमेध सांगतो नव्या पोरांना, मॅडम फळ्यावर चौकोन काढतात.
चौकोन कुणीही काढेल रे.
मी बसते दोन चौकोनांमधल्या रेघेवर,
जिथे इकडचा म्हणतो पाठवलं
आणि तिकडचा म्हणतो मिळालंच नाही.

मोहाडीचं पॅकहाऊस.
आमचा स्कॅनर शीतगृहात शिरला की मुका.
जाड भिंती, रेंज शून्य,
आणि करारात ठसठशीत: नोंद तत्काळ व्हावी.
मंदाताई गायधनी, दोन स्वेटर, कानाला मफलर,
द्राक्षांच्या क्रेटवर खडूने आकडे टाकत होत्या,
मग बाहेर येऊन, बोटं चोळून, सगळे एकदम भरत होत्या.
चुकतं का कधी?
खडू नाही चुकत ओ, म्हणाल्या. घाईत माणूस चुकतं.

परतताना गाडीतच अर्धं डिझाइन खोडलं.
नोंद आत यंत्रातच थांबेल, बाहेर आल्यावर पुढे सरकेल,
आणि एकच पेटी दोनदा मोजली गेली
तर खरी कोणती, हे आजच ठरवायचं.
कोठावदे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे.
पूर आला की शहर एकमेकांना विचारतं, कुठवर?
गुडघ्याला. कमरेला. छातीला.
त्याने पाणी अडवलं असं कुणी म्हणत नाही.
पण कमरेला म्हटलं
की सराफ बाजारात माल वरच्या फळीवर चढतो.
मीटिंगमध्ये मलाही बहुतेकदा एवढंच सांगायचं असतं:
फेब्रुवारीत कंटेनर तिप्पट होतील,
आत्ताच आपण कमरेपर्यंत आहोत.
कुणी लिहून घेतं. कुणी चहा मागवतं.

दोनशेत बसत नाही हे.
खोडते. लिहिते, 'रेघा'.
तेही बरं दिसत नाही, म्हणून
'ग्राहकाच्या गरजा व तंत्रज्ञान यांचा समन्वय'.
हे कुणालाही चालतं, कुणाचंच नसतं.

सबमिट दाबते.
सेशन संपलंय, पुन्हा लॉगिन करा.
लिहिलेलं सगळं गेलं.
कुणी बांधलंय हे?
मी वहीचं कोरं पान उघडते
आणि पहिला चौकोन काढते.