राजीखुशीने

पाचपाखाडीत तिसऱ्या मजल्यावर
कपाटाच्या खोलीत आमचा स्टुडिओ.
भिंतींवर दोन गोधड्या, दाराला सतरंजी,
पंखा बंद. फ्रिजचा प्लगही काढायचा,
नाहीतर त्याचं गुणगुणणं
प्रत्येक प्राध्यापकाच्या मतामागे ऐकू येतं.

मागच्या भागातले सर
नदीला कायद्याने व्यक्ती मानावं का
यावर दीड तास बोलले,
एकाही नदीचं नाव न घेता.

भाग सदतिसावा. पाहुण्या: प्रा. रिबेका झिराडकर.
टेंभी नाक्यावरून चालत आल्या,
काखेत रबर लावलेली पुठ्ठ्याची फाइल,
आणि माइककडे असं बघितलं
जसं फितूर साक्षीदाराकडे बघावं.
पाणी नको म्हणाल्या. मग दोन पेले प्यायल्या.

एकवीस वर्षं बाईंनी एकच शब्द वाचला.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या बाकावर बसून
सहाशे बारा हक्कसोडपत्रं,
सगळी बहिणींनी भावांना दिलेली.
मोबदला निरंक.
कारण, नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा.
आणि प्रत्येकात तिसऱ्या-चौथ्या ओळीत
तो शब्द: राजीखुशीने.

"कायदा विचारतो सही कोणाची," त्या म्हणाल्या,
"मी विचारते, पेन कोणाचं होतं?
चारशे सत्तर दस्तांत
बहिणीच्या सहीची शाई आणि भावाच्या सहीची शाई एक.
यावरून काही सिद्ध होत नाही हं.
मी तळटीपेतच टाकलंय ते."

मी कागदावरचा प्रश्न वाचला:
मौन म्हणजे संमती, असं म्हणतात...
"कोण म्हणतं?"
मी कागद उलटून पाहिला.
"बोलणारे," त्या म्हणाल्या.

आणि मग, यादीत नसलेलं,
सहज, चष्मा पुसत:
"तुम्ही केलीय सही?"

खारेगावच्या दोन खोल्या.
भाऊबीजेनंतरचा मंगळवार.
हर्षलने स्कूटरवरून नेलं, टोकन एकोणीस.
कारकून म्हणाला, वाचलंत ना ताई?
मी मान हलवली.
माझ्याकडे एलएल.बी.ची पदवी आहे, मी वाचलं नव्हतं.
काचेवर अंगठा, कॅमेऱ्यात चेहरा,
येताना उसाचा रस, आलं घालून.
पेन त्याचंच होतं. छान चालायचं.

रात्री एडिटिंगला बसले.
पडद्यावर आवाजाचे डोंगर, मधेच सपाट रेघ,
नऊ सेकंदांची.
सॉफ्टवेअर अदबीने विचारतं, शांतता काढून टाकू?
मी नेहमी हो म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं
विद्वान लोक अडखळत नाहीत.
छत्तीस भागांत मिळून
साडेतीन तासांचा विचार
मी असा कापून फेकलाय.

हेडफोन लावून ती रेघ पुन्हा ऐकली.
गोधडीतून झिरपलेली खालच्या गिरणीची घरघर,
फाइलच्या रबराचा एक टिचका,
कोणीतरी आवंढा गिळलेला. मीच असणार.
आणि नऊ सेकंदांनंतर माझाच आवाज,
फार प्रसन्न:
"चला, पुढच्या प्रश्नाकडे वळूया."

बाईंनी वळू दिलं.
बहुधा त्यांच्या हिशेबात
दस्त सहाशे तेरावा नोंदला गेला होता.

कापलं नाही.
धाडस वगैरे काही नाही. पहाटेचे दोन वाजले होते,
बोट कळीवर होतं आणि ते खाली गेलं नाही, इतकंच.

सदतिसावा भाग एकशे चौदा जणांनी ऐकला.
त्यातला एक हर्षल,
घोडबंदर रोडवर गाडीत अडकलेला.
तो सगळे भाग ऐकतो, कौतुक आहे त्याला.
दुपारी त्याचा मेसेज आला.
शब्द नाही. फक्त एक अंगठा, पिवळा, गुळगुळीत,
एकही रेषा नसलेला.

डाव्या हाताचा की उजव्या,
बराच वेळ बघत बसले.