नाव सुचवल्यावर

मी पाव विकतो. सल्ला माझ्याकडे मिळत नाही.
तरी ग्ल्दानीतली माणसं तळघराच्या खिडकीशी वाकतात
आणि नाणी मोजता मोजता विचारतात,
नळ दुरुस्त करणारा कोण बरा,
कोणाच्या वाइनमध्ये पाणी नसतं.

परवा नेस्तान वाकली.
"गुराम, रात्रीचं कोणी मिळेल का, त्सोत्नेसाठी?
अँब्युलन्सवर लागलेय मी. सात ते सात.
अडीच वर्षांचा आहे. झोपताना दिवा लागतो त्याला."
तोन्यातून नुकतीच काढलेली शोती तिने तशीच धरून ठेवली,
या हातातून त्या हातात न घेता.
चटका तिला जाणवलाच नाही.
म्हटलं, बरीच दारं वाजवून आलेली दिसते.

औषधवाल्याची बहीण आठवली. माया खूप, पण जीभ सैल.
तळमजल्यावरची कॉलेजातली पोरगी आठवली.
आणि तोंडातून निघून गेलं:
"लामारा. सहावा मजला, डावीकडचं दार."

शब्द टाकला आणि मग विचार करायला बसलो.
असंच असतं माझं.

लामाराबद्दल मला काय माहीत?
कालचा पाव अर्ध्या किमतीत नेते
आणि कोंबड्यांसाठी नेतेय असं खोटं सांगत नाही.
दारामागे तिने खिळ्यांची ओळ ठोकलीय,
गावाला जाणारे शेजारी तिथे किल्ल्या अडकवून जातात.
सात किल्ल्या मी स्वतः मोजल्या आहेत.

पण किल्ली रडत नाही.
किल्लीला मध्यरात्री ताप येत नाही.

संध्याकाळी लामारा स्वतःच खाली उतरली.
पाव घेतला नाही. विचारलं,
"ती नेस्तान कशी आहे?
उशीर होणार असेल तर कळवते का?
पोरासमोर रडते का? मला खरं सांग,
मी आता कोणाचं रडणं वाहून नेणार नाही."
म्हणजे इकडूनही मीच जामीन आणि तिकडूनही मीच.
म्हणालो, कळवते. रडण्याचं ठाऊक नाही.
ती म्हणाली, "ठाऊक नाही म्हणालास, हे बरं केलंस."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
दोनलाच आलो, चारचं काम असताना.
अंगणात उभा राहून मान वर केली.
सहाव्या मजल्यावर एक पिवळा दिवा.
दिवा लागतो त्याला, ती म्हणाली होती.
की दुखतंय काही?
सिगारेट पेटवली, विझवली,
पुन्हा तीच पेटवली.

तोने तापवताना एक गोष्ट आठवली,
जी नाव सुचवताना मनात नव्हती. शपथेवर सांगतो, नव्हती.
लामारा अकरा वर्षं थेस्सालोनिकीत होती,
परक्यांची म्हातारी माणसं न्हाऊमाखू घालत.
त्या अकरा वर्षांत तिचा मुलगा
शाळेतून सरळ या खिडकीशी यायचा.
पिठाच्या पोत्यावर बसून गणितं करायचा.
चुकीची करायचा. मला दुरुस्त करता यायची नाहीत.
शोतीचं कुरकुरीत टोक मोडून द्यायचो, बस, एवढंच.
त्याला कोणी सांभाळणं म्हणत नव्हतं,
मीसुद्धा नाही.
महिन्याचे पैसे आले की ती फोनवर विचारायची,
"गुराम, किती झाले?"
आणि मी दरवेळी कमी सांगायचो.

सात वाजून वीस मिनिटांनी लिफ्टचं दार खडखडलं.
लामारा, आणि तिच्या बोटाला त्सोत्ने,
मुठीत लिफ्टचं नाणं घट्ट धरलेलं,
जे डब्यात टाकायचं तो विसरला होता
किंवा त्याला टाकायचं नव्हतं.
मागून गणवेशातली नेस्तान आली,
डोळे सुजलेले, झोपेने की कशाने, विचारलं नाही.
दोन शोत्या घेतल्या. एक लामाराच्या काखेत दिली.
कोणी आभार मानले नाहीत.
पोराने माझ्याकडे बघून हात पुढे केला,
मी टोक मोडलं.

त्यांच्यामागे उभ्या माणसाने वाकून विचारलं,
"गुराम, भरवशाचा इलेक्ट्रिशियन आहे का कोणी?"

"माहीत नाही," मी म्हणालो.
"पाव किती देऊ?"