लाखामागे

सातपूरला शाळेच्या पटांगणात
एक्स-रेची गाडी लावली आहे.
मी चाळीतून विचारत फिरतो :
पंधरा दिवसांहून जुना खोकला?
रात्री घाम? वजन उतरलंय?

सहाव्या खोलीत सोनजी गावित,
सुरगाण्याकडचा, सेंट्रिंगच्या कामावर.
खोकताना भिंतीला हात लावतो,
जणू तीच पडेल.
"इथं कधीपासून?"
"अकरा दिवस झालं."

नियम महिन्याचा आहे.
अकरा दिवसांचा माणूस
या वस्तीच्या हिशोबात बसत नाही,
आणि सुरगाण्याच्या यादीत तो
कामाला गेलेला.

लाखामागे किती, ते काढायचंय.
दिल्लीला आकडा हवा,
दशांश चिन्हानंतर दोन घरं.
त्यातल्या एकाही घरात
सोनजी भाड्यानंसुद्धा राहत नाही.

मी रकाना मोकळा सोडला.
मग पिशवीतली एक डबी काढली,
झाकणावर बॉलपेनानं नुसतं नाव लिहिलं,
नंबर नाही.
सकाळी चूळ भरून, खोलातून काढ, म्हटलं,
आणि पालिकेच्या दवाखान्यात नेऊन दे. माझ्याकडे नको.

त्याच्या बायकोनं डबी उजेडात धरली,
झाकण दोनदा फिरवून पाहिलं.
"परत मिळंल का ही?
मिठाला बरी आहे."