विहिरीला दोर नाही

वेइक्कोनं तीन दिवसांची रजा टाकली,
बर्फ काढायची गाडी भाच्याच्या हवाली केली,
आणि मी बस डेपोतल्या माझ्या रात्रपाळ्या
कुणाकुणाच्या गळ्यात मारल्या.
कायानीत तेव्हा उणे सव्वीस.
दोन वर्षं वाट पाहिलेला नवा खंड
मध्यरात्री उघडणार होता.

उघडला.
आकाश जांभळं. मान्य, सुरेख जांभळं.
खाली शहर, सातशे खिडक्यांचं,
आणि एकीतही कुणी धुणं वाळत घातलेलं नाही.
दारं भिंतींवर रंगवलेली.
समुद्र चार दिवसांच्या वाटेवर,
तरी चौकात कोळ्याची जाळी टांगलेली,
कुणाला तरी जाळी छान काढता येत होती म्हणून.
विहीर होती. दोर नव्हता.
वाकून पाहिलं तर तळाच्या जागी
एक काळा चौकोन.

राणी म्हणाली, "परक्या, कोण तू?"
अगं, सहा वेळा जग वाचवलंय मी.
तुझ्याच बापाला मागच्या युद्धातून
खांद्यावर घालून आणला,
आणि वाटभर तो रडत होता, एका घोड्यासाठी.
तुला कुणी सांगितलं नाही?
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं दहा रानडुकरांचे सुळे मागितले.
कशाला, ते विचारायची सोय नव्हती.
खाली एकच बटण: स्वीकारलं.

वेइक्को कानात बोलत होता,
"तो जुना खलनायक आठवतो?
अंगावर यायचा तेव्हा डावा पाय जरा ओढायचा.
का ओढतो, ते कळायला
आपला अख्खा एक हिवाळा गेला."
मग बराच वेळ नुसता त्याच्या कपाचा आवाज.
"हा नवा आहे तो फक्त मोठा आहे."

जुन्या ऑर्स्केल गावातही विहीर होती.
तिच्या काठाच्या दगडाला दोरानं पाडलेली खाच,
बोटभर खोल.
एकाही कामगिरीत तिचा उल्लेख नाही.
कुठल्यातरी ऑफिसात कुणी पगारी माणूस
घरी जायच्या आधी पंधरा मिनिटं थांबला असेल,
आणि तेवढ्यात त्यानं
शंभर वर्षं पाणी शेंदलं असेल.

तिसऱ्या रात्री एलियेल आला आमच्यात,
सोळा वर्षांचा, आवाज अजून फुटतोय.
एका दुकानासमोर थबकून विचारतो,
"ही बाई निळं कापड का ठेवत नाही?"
बाईच्या डोक्यावर नाव तरंगत होतं: व्यापारी.
खरं उत्तर असं की कुणीतरी निळा भरायला विसरलं.
मी म्हणाले,
"हिचा नवरा रंगारी. निळीच्या हौदात
जन्म गेला, हात कोपरापर्यंत निळे.
पुरात वाहून गेला.
नवव्या दिवशी सापडला, तो हातांवरून ओळखला."
हे कुठून आलं, मला ठाऊक नाही.
पोरगा गप्प.
मग गरज नसताना त्यानं तिच्याकडून
एक तांबडा रुमाल घेतला.

वेइक्को हसेल असं वाटलं होतं.
तो म्हणाला, "आणि ती विहीर?"
"थांब जरा," मी म्हटलं, "विचार करू दे."

एप्रिलात, नदीवरचा बर्फ रात्री कुरकुरू लागला तेव्हा,
त्याच दुकानासमोर एक अनोळखी धनुर्धर
दुसऱ्या कुणाला समजावत होता,
हिचा भाऊ रंगारी होता, लढाईत गेला,
म्हणून ही निळं ठेवत नाही.

मला राहवलं नाही.
भाऊ नाही, मी टाइप केलं. नवरा.
आणि लढाई कसली, पूर.
त्यानं विचारलं, "तुला काय माहीत?"

मी बोटं कळफलकावर ठेवून बसले.
व्यापारी आम्हा दोघांकडे बघून हसली,
तेच हसू,
दर आठ सेकंदांनी.