वजा म्हणजे जमा

फोर्सिनार्डला गाडी थांबते तेव्हा
बहुतेक मीच एकटी उतरते.
हेक्टर गन चिखलाने माखलेल्या व्हॅनमध्ये चहा पीत बसलेला.
"आज वारा आहे," म्हणतो, "तुझं नशीब."
खरंच. वारा नसेल तर माझा धंदा बंद.

दलदलीच्या मधोमध तीन मीटरचा खांब,
त्यावर काचेचे दोन डोळे, एकमेकांकडे टक लावून;
मधून जाणाऱ्या हवेची सेकंदाला वीसदा झडती घेतात,
किती कार्बन वर चालला, किती खाली उतरला.
अर्ध्या तासाला एक आकडा.
आधी वजा असेल तर जमिनीने घेतला.
पहिल्या वर्षी हे अंगवळणी पडेना,
कारकुनाची मुलगी मी, वजा दिसलं की पोटात गोळा.
इथे वजा म्हणजे जमा.

पायाखाली सहा मीटर पीट,
न कुजलेलं शेवाळ, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर.
हेक्टरने विशीत इथेच नांगर चालवला,
स्प्रूस लावायला चर खणले.
आता साठीत तेच चर बुजवतो.
"दोन्ही वेळा मजुरी मिळाली," एवढंच बोलतो
आणि फावडं पुसत बसतो.

लंडनहून ईमेल: तुमच्या चौकोनाचा आकडा पाठवा.
पाठवते. पण त्या रकान्यात मावत नाही
पाऊस, ज्यात डोळे आंधळे होतात,
ते हरीण, ज्याने केबल चावली (अकरा दिवस गेले),
आणि शांत रात्री.
वारा पडला की जमीन श्वास सोडते तो वर पोचतच नाही,
गवताच्या बुडाशी रेंगाळतो,
ओहोळासारखा उताराने निघून जातो.
त्या रात्री आम्ही खोडतो. नियमच आहे.
सगळ्यात नितळ, ताऱ्यांनी गच्च भरलेल्या,
हिशेबातून बाद.
मग भोकं बुजवायची: ऊन, तापमान, पाण्याची पातळी
यांवरून मॉडेल सांगतं, काय झालं असावं.
शाळेत आम्ही याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणायचो.
इथे यावर पदवी देतात. मला दिली.

यंदा मे ते जुलै पाऊस नाही.
नळीत पट्टी सोडली, पाणी चाळीस सेंटिमीटर खाली.
शेवाळ पांढरं पडलं, बुटाखाली पापडासारखं मोडलं
आणि एकेका अर्ध्या तासापुढचं वजा
गळून गेलं.
मॉडेलला असा उन्हाळा माहीतच नव्हता.
ते आपलं जुन्या उन्हाळ्यांच्या भरवशावर
खोडलेल्या रात्री भरत राहिलं, भाबडेपणाने.

"मग? घेतलं की दिलं?" हेक्टर विचारतो.
वजा अकरा, मी सांगते. तीस इकडे, तीस तिकडे.
तो बोटांवर काहीतरी मोजतो.
"म्हणजे शून्यही त्यात बसतं."
हो.
"म्हणजे तुला माहीत नाही."
किती माहीत नाही, ते नेमकं माहीत आहे.
तो हसत नाही. थर्मासचं झाकण फिरवत राहतो.

संध्याकाळी काच पुसायला खांबाशी जाते
श्वास रोखून. तरी एक निसटतोच.
उद्या पडद्यावर दिसेल, सहा वाजून दहा मिनिटं,
एक उंच सुळका. दलदलीचा नाही, माझा.
तोही खोडावा लागेल.

कापूसगवत हलायचं थांबलंय.
आजची रात्र शांत जाणार.
हेक्टर दोनदा हॉर्न वाजवतो,
ही गाडी चुकली तर थेट उद्या सकाळी.