याला चढत नाही

जाण्याआधी दोन घास तूप-भात खाऊन जावं,
प्रत्येक पेगामागे एक ग्लास पाणी,
रम तर रमच, मध्ये बिअर घुसवू नये,
आणि खारे शेंगदाणे दुसऱ्याच्या बशीतले खावेत.
एवढं शास्त्र मला अंबडच्या कारखान्यात
टर्नर शॉपच्या शिरसाठमामांनी शिकवलं.
मामा गेले बावन्नाव्या वर्षी.
कशाने, ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

त्र्यंबक रोडच्या गार्डन हॉटेलात
काल गायधनीला निरोप. त्याची बदली चाकणला.
डिसेंबर. टेबलाशेजारी निखाऱ्यांचं घमेलं,
मसाला पापडावरचा कांदासुद्धा गारठलेला.
दुसऱ्या पेगला पगारे गायला लागला,
तिसऱ्याला आहेरने मॅनेजरच्या सात पिढ्या काढल्या,
चौथ्याला गायधनी बाथरूम समजून
भटारखान्यात गेला
आणि आचाऱ्याच्या पाया पडून आला.
मग सगळ्यांची बोटं माझ्याकडे:
याला बघा. पिंप आहे पिंप. याला चढतच नाही.

मी हसलो. वीस वर्षं हसतोय या वाक्यावर.
पूर्वी पहिल्या घोटालाच
कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.
आता पाचव्यापर्यंत नुसता हिशेब चालतो,
किती सोडे, किती बर्फ, कोणाचे किती.
डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या होत्या,
याला ताकद नाही म्हणत.
तुमच्या शरीराने तक्रार करणं सोडलंय.

बाराला सगळ्यांच्या किल्ल्या गोळा केल्या,
गल्ल्यावर ठेवल्या, माझीही.
रिक्षावाल्याला दुप्पट कबूल केले.
पगारेला सातपूरला उतरवलं, चपला हातात देऊन.
आहेरला सिडकोत, तिसऱ्या मजल्यापर्यंत.
त्याच्या बायकोने दार उघडलं
आणि पाहिलं माझ्याकडे,
जणू मीच पाजली, कारण मीच उभा होतो.

गायधनी शेवटी.
द्वारकेच्या सिग्नलला, रस्ता रिकामा,
माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाला,
धाकटा माझा नाही रे. मला माहितीय.
पण शिंकतो माझ्यासारखाच.
सलग तीनदा. तिसरी अर्धी.
मग झोपला, जेल रोड येईपर्यंत.

सकाळी मिसळीच्या बाकड्यावर चौघं.
डोळे लाल, समोर दही, ताक, जादा लिंबू.
गायधनी पाव मोडत हळूच,
काल मी काही बरळलो का रे?
नाही, मी म्हटलं. आचाऱ्याच्या पाया पडलास, तेवढंच.
बाकडं हललं इतके हसले सगळे.

त्यांचं उतरलं होतं.
माझ्यात मात्र वीस वर्षांचं साठलेलं,
कोणाचं कर्ज, कोणाची रडारड, कोणाचा भाऊ,
जे ज्याचं त्यालाच सकाळी आठवत नाही.

तर्रीचा ठसका लागला गायधनीला.
एकदा शिंकला. दोनदा.
मी ताटलीत मान घातली
आणि तिसरीची वाट बघत
लिंबू पिळत राहिलो.